सांगकाम्याची दुसरी फेरी : ‘निअर’मधली साइड क्वेस्ट आणि पुन्हा खेळण्याचा अर्थ

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे.)

आजचा विषय वरवर पाहता अगदी छोटा आहे. खेळाची मुख्य गोष्ट संपली, खलनायक पडला, नावांची पाटी सरकून गेली, आणि तरीही यादीत पंचवीस-तीस कामं उरलेली आहेत. कुणाला औषधी वनस्पती हव्यात, कुणाचं पत्र पोचवायचंय, कुणाचा मुलगा हरवलाय. या उरलेल्या कामांचं करायचं काय? आणि ती करण्यासाठी, किंवा नुसतंच पुन्हा एकदा, तोच खेळ पहिल्यापासून खेळण्यात काही अर्थ आहे का?

या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. म्हणून आपण एकच खेळ घेऊ आणि तो नीट उलगडून पाहू. खेळ आहे ‘निअर’. सन २०१०. अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग प्रकारचा, म्हणजे पात्राची ताकद हळूहळू वाढवायची, पण लढाई मात्र आपल्या बोटांच्या चपळाईवर. एक सूचना आधीच देतो : आज गोष्ट पूर्ण फोडल्याशिवाय बोलता येणार नाही. ज्यांना स्वतः खेळायचाय त्यांनी हे व्याख्यान नंतर ऐकलं तरी चालेल, आम्हाला राग नाही.

दुर्लक्षित म्हणजे नेमकं काय

‘निअर’ बनवला जपानमधल्या काव्हिया या स्टुडिओने. प्रकाशक स्क्वेअर एनिक्स, दिग्दर्शक योको तारो. एप्रिल २०१० मध्ये तो बाजारात आला. जपानमध्ये त्याची दोन रूपं होती. एकात नायक तरुण आहे आणि आजारी बहिणीसाठी धडपडतो. दुसऱ्यात तो मध्यमवयीन बाप आहे आणि आजारी मुलीसाठी धडपडतो. बाहेरच्या जगाला फक्त बापाचं रूप मिळालं.

समीक्षकांनी त्याला बहुतेक मधलेच गुण दिले. चित्रण जुनाट, वाटा मोकळ्या-मोकळ्या, त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि कामं कंटाळवाणी. हे आक्षेप खोटे नव्हते. त्याच वर्षी काव्हिया स्टुडिओ वेगळा राहिला नाही, मूळ कंपनीत विलीन झाला. म्हणजे खेळ बाहेर आला, आणि काही महिन्यांत तो बनवणारं घरच उठलं.

तरी तो टिकला. कशामुळे? थोडेसे लोक तो दोनदा, तीनदा खेळले आणि इतरांना सांगत राहिले की बाबांनो, एकदा खेळून सोडू नका. एकदाच खेळलात तर अर्धाच कळेल. २०१७ मध्ये ‘निअर : ऑटोमाटा’ हा पुढचा खेळ आला, तो लाखोंनी घेतला, आणि मग लोक मागे वळून या जुन्या खेळाकडे आले. २०२१ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. ती आपण शेवटी पाहू.

गोष्टीचा सांगाडा

फार थोडक्यात. प्रस्तावना आधुनिक टोकियोत, ऐन उन्हाळ्यात बर्फ पडतंय. मग खेळ एकदम तेराशे वर्षांहून पुढे उडी घेतो. जग पुन्हा खेड्यांचं झालंय. नायकाची योना नावाची मुलगी ‘ब्लॅक स्क्रॉल’ या रोगाने आजारी आहे, अंगावर काळी अक्षरं उमटत जातात. बाहेर माळरानावर ‘शेड’ नावाचे काळसर प्राणी फिरतात, माणसांवर धावून येतात. आपण त्यांना सावल्या म्हणू.

नायकाला एक बोलणारा ग्रंथ भेटतो, ग्रिमवार वाइस. अत्यंत शिष्ट, स्वतःच्या थोरवीची पुरेपूर जाणीव असलेला. पुढे काइने भेटते, जिच्या अंगात अर्धी सावली भिनलेली आहे आणि जिच्या तोंडी शिव्या ठासून भरल्यात. आणि एमिल भेटतो, ज्याची नजर पडली की माणूस दगड होतो. गावात पोपोला आणि डेव्होला या जुळ्या बहिणी आहेत. पोपोला ग्रंथालय सांभाळते आणि नायकाला कामं देते. डेव्होला कारंज्यापाशी बसून गाते.

पूर्वार्धाच्या शेवटी सावल्यांचा राजा योनाला पळवून नेतो. पाच वर्षं जातात. उत्तरार्धात नायक तिला सोडवायला निघतो, वाटेत शेकडो सावल्या मारतो, राजाला मारतो, मुलगी परत मिळते. हा पहिला शेवट. इथे बरेच जण खेळ बंद करतात.

सांगकाम्या

आता साइड क्वेस्टकडे येऊ. साधारणपणे या कामांचे तीन प्रकार असतात. एक, आणून द्या : अमुक इतक्या वस्तू गोळा करा. दोन, पोचवा : ही वस्तू किंवा निरोप तिकडे न्या. तीन, मारा : तिथे एक जनावर माजलंय, त्याचा बंदोबस्त करा. या तिन्हींत खेळणाऱ्याने एकच गोष्ट करायची असते : सांगितलेलं ऐकायचं. आपल्या गोष्टीतला सांगकाम्या आठवा. त्याला जे सांगाल ते तो तंतोतंत करतो. का, कशासाठी, हे विचारणं त्याच्या स्वभावात नाही.

‘निअर’चा नायक तसाच आहे. गावात कुणीही हाक मारावी, हा तयार. मेंढीचं मटण आण, हो. खनिज आण, हो. सुरुवातीला त्याचं कारणही पटतं, मुलीच्या औषधाला पैसे हवेत. आणि प्रत्येक कामाच्या वेळी वाइस कुरकुरतो : माझ्यासारख्या महाग्रंथाने या असल्या हमाल्या कराव्यात? (हशा) म्हणजे हे काम कंटाळवाणं आहे हे खेळाला स्वतःलाच ठाऊक आहे, आणि ते तो आपल्या तोंडावर सांगतो.

काही कामं खरोखर अंत पाहणारी आहेत. एक काम नाजूक सामान पोचवायचं आहे. वाटेत कोलांटी घ्यायची नाही, शत्रूचा एक फटका खायचा नाही, नाहीतर सामान फुटलं. एरवी आपण ज्या वाटेवरून बेदरकार पळतो, तीच वाट पाऊल जपत चालावी लागते. घराजवळ बाग आहे, तिथे बी पेरायचं, पाणी घालायचं, आणि रोप वाढतं ते खऱ्या घड्याळाप्रमाणे. वेळेवर काढलं नाही तर वाळून जातं. योना ज्या पांढऱ्या फुलाच्या शोधात देवळात जाते ते ‘लुनार टिअर’ तुम्हाला बागेत फुलवायचं असेल, तर वेगवेगळ्या रंगांच्या रोपांचा संकर करत खऱ्या दिवसांचे दिवस घालवावे लागतात.

पण यांतच काही कामं अशी आहेत की जी चटका लावून जातात. समुद्रकाठच्या गावात दीपगृहात एक तुसडी म्हातारी राहते. तिची पत्रं पोचवण्याचं काम नायकाकडे येतं. ती परदेशी गेलेल्या प्रियकराच्या पत्रांची वाट बघत आयुष्य काढतेय. हळूहळू कळतं की तो माणूस कधीच वारलाय. पत्रं गावातलेच लोक लिहितात. खरं सांगायचं धाडस कुणाला झालं नाही, आणि मग वर्षं गेली. आता खेळ तुम्हाला विचारतो : सांगणार की नाही?

इथे पहिल्यांदा सांगकाम्याला विचार करावा लागतो. काम पोचवण्याचंच आहे, पण पोचवायचं काय, हे त्याने ठरवायचंय. मोबदल्यात काय मिळतं हे पुढे आपण विसरून जातो, म्हातारी विसरत नाही.

दार बंद होतं

साइड क्वेस्टबद्दल आपली एक समजूत असते : ती कुठे पळून जात नाहीत. जगावर संकट आहे, राजकन्या तुरुंगात आहे, आणि आपण निवांत मासे पकडतोय. जग थांबून राहतं. बहुतेक खेळांत हे असंच चालतं.

‘निअर’ मध्येच पाच वर्षांची उडी घेतो, आणि पूर्वार्धात घेतलेली पण न संपवलेली कामं तिथेच संपतात. दार बंद. शिवाय दुसरी फेरी सुरू होते ती उत्तरार्धापासून, त्यामुळे पूर्वार्धाकडे परतायचं तर अगदी नवा खेळ सुरू करावा लागतो. पाच वर्षांनी गावात परत आल्यावर काही चेहरे ओळखीचे दिसतात, काही दिसतच नाहीत. ज्याने पूर्वार्धात त्या घरांची कामं केली, त्याला हे लगेच जाणवतं. ज्याने केली नाहीत, त्याला ते फक्त एक गाव वाटतं. सगळी कामं केल्याचा पहिला खरा फायदा हा : या माणसांशी तुमची ओळख होते, आणि पुढे त्यांचं काही झालं तर ते तुम्हाला लागतं.

दुसरी फेरी : तीच लढाई, नवीन आवाज

आता मुख्य मुद्दा. पहिला शेवट पाहून सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडली की खेळ उत्तरार्धाच्या तोंडाशी सुरू होतो. आपली शस्त्रं, आपली ताकद, सगळं तसंच. सुरुवातीला काळ्या पडद्यावर नुसता मजकूर येतो, काइनेचं पूर्वायुष्य. तिचं एकटेपण, तिची आजी, तिच्या अंगात टायरन नावाची सावली कशी शिरली ते. पडद्यावर हलतं काही नाही, तुम्ही फक्त वाचत बसता.

मग तुम्ही पहिल्या फेरीतल्याच जागी जाता, त्याच शत्रूंशी लढता. नियम तेच, बटणं तीच. फरक एवढाच, की काइनेला सावल्यांची भाषा कळते, आणि आता ती आपल्यालाही कळते. पहिल्या फेरीत जे गुरगुरणं होतं, ते आता शब्द झालंय. सोबत मधूनमधून काही नवे प्रसंग जोडलेत.

तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, भंगाराच्या खाणीतलं. तिथे गिडियन नावाचा मुलगा राहतो. त्याच्या भावाचा यंत्रमानवामुळे जीव गेलाय, आणि त्याला सूड हवाय. पहिल्या फेरीत आपण खाली उतरतो, एका भल्यामोठ्या यंत्राला आणि त्याच्यासोबतच्या सावलीला संपवतो. गिडियन वेड्यासारखा ओरडत असतो, आणखी मारा. काम फत्ते. दुसऱ्या फेरीत त्या दोघांची गोष्ट आधी दाखवतात. सावली म्हणजे कालिल नावाचं लहान मूल आहे, त्याची आई मेलीय. यंत्र त्याला सांभाळतं, त्याच्याकडून मैत्री म्हणजे काय ते शिकतं. दोघांना एकदा बाहेरचं जग बघायचंय. मग आपण येतो. लढाई तीच, पण आता प्रत्येक फटक्यागणिक एक पोर घाबरून बोलतंय, आणि लढाई थांबवायचं बटण खेळात नाही.

दुसरं, वाळवंटातलं फसाड नावाचं शहर. इथले लोक मुखवटे घालतात, हजारो नियम पाळतात आणि वेगळीच भाषा बोलतात. पहिल्या भेटीत नायकाला एक अक्षर कळत नाही. फायरा नावाची मुलगी, जिला नियमाने बोलायचीच मनाई आहे, ती खुणा करून त्याला शहर दाखवते. पाच वर्षांनी तिचं तिथल्या राजाशी लग्न लागतं, आणि त्याच लग्नात लांडग्यांचा कळप शिरतो. फायरा मरते. राजा सूड घ्यायला निघतो, आपण सोबत जातो. पहिल्या फेरीत याबद्दल मनात तिळमात्र शंका येत नाही. दुसऱ्या फेरीत लांडग्यांचं बोलणं ऐकू येतं : माणसं आपल्याला मारत आलीत, आपली जागा आक्रसत चाललीय, हल्ला करायचा की नाही यावर त्यांच्यात वाद आहेत. म्हणजे दोन्हीकडे घरचं कुणीतरी गेलंय, आणि दोन्हीकडे ‘सुरुवात त्यांनी केली’ हेच उत्तर आहे.

आता यात रचनेची एक गंमत बघा. फसाडच्या लोकांची भाषा आपल्याला कळत नव्हती, पण मुखवट्यामागे माणूस आहे हे गृहीत धरून आपण खुणांनी बोललो. सावल्यांची भाषाही कळत नव्हती. तिथे मात्र थेट तलवार काढली. एकाच खेळात या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्यात, आणि पहिल्या फेरीत आपल्यापैकी जवळजवळ कुणालाच त्यातला दुजाभाव दिसत नाही.

तिसरं उदाहरण पटकन सांगतो. काइनेच्या गावाजवळची ‘एरी’ ही दरीवर टांगलेल्या घरांची वस्ती. उत्तरार्धात ती अख्खी नष्ट होते. दुसऱ्या फेरीत कळतं, तिथे काही माणसं आणि काही सावल्या एकत्र राहायचा प्रयत्न करत होत्या.

आणि या सावल्या कोण? उत्तरार्धात उलगडतं ते असं : जुन्या काळी एका महामारीतून वाचण्यासाठी माणसांनी आत्मा आणि शरीर वेगळे केले. सावल्या म्हणजे त्या मूळ माणसांचे आत्मे. आणि नायक, योना, गावातले सगळे म्हणजे रिकामी ठेवलेली शरीरं, ज्यांना काळाच्या ओघात स्वतःची जाणीव फुटली. पोपोला-डेव्होला या सगळ्यावर देखरेख ठेवायला बनवलेल्या. सावल्यांचा राजा म्हणजे प्रस्तावनेतला तोच बाप, तोच नायक, आपल्या मूळ योनासाठी झगडणारा. दोघांना एकच हवंय, आणि दोघांपैकी कुणाचंही खोटं नाही.

योको तारो यांनी या खेळामागचा विचार सांगताना ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या जगाचा उल्लेख केला आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की माणूस मारायला वेडं असावं लागत नाही. आपण बरोबर आहोत एवढी खात्री पुरते. ही गोष्ट पहिल्या फेरीत ऐकवली असती तर ते एक सुभाषित झालं असतं. दुसऱ्या फेरीत ती आपल्या हाताने आधीच करून बसलेलो असतो.

कमी खर्चात मोठं काम

निर्मितीच्या बाजूनेही हे समजून घेण्यासारखं आहे. नवी शहरं, नवे शत्रू बनवायला पैसा लागतो. इथे जुनंच सामान ठेवलं. घातलं काय, तर मजकूर, आवाज आणि मोजके प्रसंग. काटकसर होती, पण काटकसर योग्य जागी केली. कारण जागा आणि लढाई बदलली असती तर परिणामच गेला असता. तीच लढाई असल्यामुळेच आपण पहिल्यांदा काय केलं होतं ते आठवतं.

संगीतातही हेच. केइची ओकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेलं संगीत, आणि एमी एव्हान्स यांनी गायलेले, कुठल्याही खऱ्या भाषेत नसलेले शब्द. डेव्होला कारंज्यापाशी जे गाणं म्हणते ते आपण कामं करत गावातून ये-जा करताना शंभरदा ऐकतो. जवळ गेलं की तिचा आवाज संगीतात मिसळतो. पुढे या दोघी बहिणींशीच लढावं लागतं, आणि तिथे त्याच चालीचं उग्र रूप वाजतं. ज्याने गावात भरपूर वेळ घालवला, त्याच्या कानात ती चाल घरच्यासारखी मुरलेली असते, आणि म्हणूनच तिथे ती ऐकवत नाही.

तिसरी फेरी आणि किंमत

दुसऱ्या शेवटानंतर आणखी दोन शेवट उरतात. ते पाहायचे तर खेळातली सगळी शस्त्रं गोळा झालेली हवीत. काही दुकानात विकत मिळतात, काही कोपऱ्यात पडलेली सापडतात, काही कामांच्या मोबदल्यात येतात. म्हणजे इतका वेळ ऐच्छिक वाटणारी हमाली आता गोष्टीच्या वाटेवर येऊन बसते.

सगळी शस्त्रं घेऊन शेवटाला पोचलात की काइने अंगातल्या सावलीच्या ताब्यात जाते. तिच्याशी लढावं लागतं, आणि मग दोन पर्याय. एक, तिला मारून तिची सुटका करा. दुसरा, तुमचं अस्तित्व द्या आणि तिला वाचवा. अस्तित्व म्हणजे सगळं : जगात तुम्हाला कुणीही ओळखणार नाही, तिलाही तुम्ही आठवणार नाही.

दुसरा पर्याय निवडला तर खेळ पुन्हा पुन्हा विचारतो, नक्की? आणि मग तो खरोखर तुमच्या सेव्ह फाइल पुसतो. डोळ्यांदेखत मेनूमधली एकेक पानं रिकामी होत जातात. शस्त्रं, वस्तू, नकाशे, केलेल्या कामांची यादी. नंतर नवा खेळ सुरू करताना तेच नाव टाकायला गेलात, तर ते नाव चालत नाही.

आता साइड क्वेस्टचा हिशेब इथे जुळतो. ज्याने फक्त मुख्य गोष्ट धावत संपवली त्याला या पर्यायापर्यंत येताच येत नाही. इथे येतो तो, ज्याने पंचवीस, चाळीस, काहींनी शंभर तास घातलेत. भंगाराच्या खाणीत यंत्रं फोडून ‘मेमरी अलॉय’ हा क्वचित मिळणारा धातू जमवत रात्री काढल्यात. ते कष्ट कंटाळवाणे होते, म्हणूनच ते मौल्यवान झालेत, आणि म्हणूनच ते देण्याला काही वजन आहे. नायकाने मुलीसाठी सगळं द्यायची तयारी दाखवली, ती गोष्टीतली तयारी. ही मात्र आपली आहे. पडद्याबाहेरच्या माणसाकडून खरी वस्तू मागणारे खेळ फार थोडे.

मग सगळा कंटाळा माफ?

नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण एखादा खेळ आवडला की चाहते त्याचे दोषही हेतुपुरस्सर ठरवतात. नाजूक सामानाच्या कामाला अर्थ आहे, वाट जपून चालायला लावते. दीपगृहाच्या कामाला तर आहेच. पण अमुक नगाची कातडी, तमुक नगाची अंडी, अशी जी कामं आहेत त्यांत नुसतीच भर आहे. तिसऱ्यांदा तेच माळरान ओलांडताना आपण काही नवं ऐकत नाही. मूळ खेळात हे प्रमाण जास्तच झालंय, आणि पुष्कळ लोकांनी जर तो अर्ध्यावर सोडला तर त्यांना दोष देता येत नाही.

एखादं उपकाम करण्याजोगं आहे की नाही, हे ओळखायची आमची कसोटी साधी आहे. काम संपल्यावर जगातल्या एखाद्या माणसाबद्दल किंवा जागेबद्दल तुम्हाला आधीपेक्षा जास्त माहिती झाली का? झाली असेल तर ते करण्याजोगं होतं. फक्त पाकिटातले पैसे वाढले असतील तर ते सोडलं तरी चालेल.

पुन्हा खेळण्यालाही हीच कसोटी लावा. अनेक खेळांत दुसरी फेरी म्हणजे शत्रू जास्त दणकट. त्यातही मजा आहे, कसब वाढतं. पण ‘निअर’ची दुसरी फेरी तुमचं कसब तपासत नाही. तुम्ही आता इतके बलवान असता की लढाया चुटकीसरशी संपतात. आणि तेच जास्त बोचतं : समोरचं पोर बोलतंय आणि तुम्ही दोन फटक्यांत मोकळे.

खेळायचाच असेल तर

काही व्यावहारिक गोष्टी. आज सहज मिळणारी आवृत्ती म्हणजे २०२१ ची. तिच्या नावात १.२२४७४४८७१३९ असा लांबलचक आकडा आहे, तो दीडचं वर्गमूळ. तिच्यात नायक तरुण भाऊ आहे. लढाई बरीच सफाईदार झालीय, संवाद नव्याने ध्वनिमुद्रित केलेत, आणि समुद्रकाठच्या फुटक्या जहाजाचा एक नवा भाग जोडलाय.

पूर्वार्धातली कामं पूर्वार्धातच उरका. गोष्ट पुढे सरकायची घाई करू नका. शस्त्रं पहिल्या फेरीपासूनच जमवत चला. बागेत रोज थोडं लक्ष घाला, एका बैठकीत ती होत नाही. दुसऱ्या फेरीत प्रसंग पुढे ढकलू नका, आधी पाहिलेलं वाटलं तरी थांबा, कारण मध्येच नवा प्रसंग सुरू होतो. आणि शेवटच्या दोन पर्यायांत आधी काइनेला मारण्याचा शेवट पाहा, मग फाइल पुसणारा. उलट केलंत तर बरीच वाट पुन्हा चालावी लागेल.

या नव्या आवृत्तीत पाचवा शेवटही आहे. मूळ खेळासोबतच्या काळात निघालेल्या एका पुस्तकातल्या कथेवर तो बेतलाय. सगळं पुसलं गेल्यावर तुम्ही पुन्हा नवा खेळ सुरू करायचा, वेगळ्या नावाने. सुरुवातीचं तेच गाव, तीच कामं. काइने पहिल्यांदा भेटते त्या लढाईपर्यंत गेलात की गोष्ट एकदम वळते, आणि काइने स्वतः निघते, नाव आठवत नसलेल्या कुणालातरी शोधायला. शेवटी पुसलेली फाइल परत मिळते.

काहींना वाटतं यामुळे त्यागाची धार गेली. आम्हाला ते पटत नाही. परत मिळतं ते फुकट मिळत नाही. जे सगळं गेलं, त्या जगात कुणीतरी पुन्हा पाऊल टाकावं लागतं. २०१० नंतर या खेळाचंही तसंच झालं. बनवणारा स्टुडिओ गेला, दुकानांतून खोके गेले, आणि जे मोजके लोक पुन्हा पुन्हा खेळत राहिले त्यांच्यामुळे तो नव्याने उभा राहिला. आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, इतका वेळ नाही. दुसऱ्या फेरीचे नवे प्रसंग यूट्यूबवर पाहिले तर चालणार नाही का?

उत्तर : माहिती सगळी मिळेल. पण त्या प्रसंगांचा धक्का माहितीत नाही. यंत्राला आणि त्या मुलाला आधी तुम्हीच मारलेलं असतं, तेही आनंदाने. व्हिडिओत ते दुसऱ्या कुणीतरी मारलेलं असतं. निदान पहिली फेरी स्वतः खेळा, मग हवं तर पुढचं पाहा. दुसरी फेरी अर्ध्या गोष्टीचीच असल्याने ती पहिलीपेक्षा खूप लवकर होते, हेही लक्षात घ्या.

प्रश्न : सगळी साइड क्वेस्ट केल्याशिवाय सगळे शेवट दिसत नाहीत का?

उत्तर : तसं नाही. अट शस्त्रांची आहे, कामांची नाही. ज्या कामांतून शस्त्र मिळतं ती करावीच लागतात. बाकीची तुमच्या मर्जीवर. दीपगृहाचं मात्र चुकवू नका.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याने हा खेळला तर?

उत्तर : नको. रक्तपात आहे, काइनेची भाषा शिवराळ आहे, आणि विषय प्रौढांचे आहेत. पण एक सुचवतो. ताई, तो आत्ता जो कुठला खेळ खेळतोय, त्यात तो ज्यांना मारतोय ते कोण आहेत, असं त्याला सहज विचारून बघा. उत्तर काय येतं ते महत्त्वाचं नाही. प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला तरी पुरे.